विळीचं पातं

आज बोंबील कापताना विळीचं पातं डुगडुगलं. घट्ट करायला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि माझ्या लेकीची, शमाची इलेक्ट्रिक गिटार आठवली.

तेव्हा ती कॉलेजात होती. तार छेडली की सूर लगेच मरायचा. नव्या तारा घातल्या, तरी तेच. ती ज्यांच्यासोबत वाजवायची त्या ग्रुपमधली मुलं म्हणाली होती, "संध्याकाळपर्यंत नीट कर, नाहीतर आम्ही दुसरी वाजवणारी बघतो." शमा गिटार टाकून रडत बसली.

मी गिटार मांडीवर घेतली, दांडा धरून तार छेडली. दांडा जोडापाशी किंचित हलत होता.

"आये, ठेव ती! तुला काय कळतं त्यातलं?"

"गिटारचं नाय कलत. पन पातं ढिलं झालं का माज्या हाताला कलतं. स्क्रूड्रायव्हर आन."

मागचे स्क्रू मी जोर लावून आवळले. शमाने तारा सुरात लावल्या, गिटार स्पीकरला जोडली आणि एक तार छेडली. सूर निघाला तो थांबेचना. अंगणात सुकट पसरणारी जाऊ मान वर करून बघायला लागली.

चार माणसांत माझं तोंड कधी उघडत नाही. आज मात्र त्या सुरापेक्षा मला माझाच आवाज जास्त आठवतो. मी ओरडले होते, "मोठ्यानं वाजव गो! पार जेटीवर आयकू जाऊं दे!"