शेजारच्याचं ताट

मला सुनंदा कधीच आवडली नाही.

आज तिचं वर्षश्राद्ध झालं. फोटोला हार घातला, नमस्कार केला. पण इथं खोटं लिहिणार नाही.

सुनंदा म्हणजे माझी धाकटी जाऊ. माहेर चंदगडचं, शिक्षण बारावी, तेही बाहेरून.
मी एम.ए. बी.एड. कोल्हापुरात वीस वर्षं इंग्लिश ग्रामर शिकवतेय.

आणि गल्लीतली पोरं इंग्लिश शिकायला यायची ती तिच्याकडे. माझ्याच घरात, माझ्या नाकासमोर.

पुस्तकंही माझीच. मी रद्दीत काढलेली, तिनं न विचारता उचललेली.

तिची पद्धत ऐका.
संध्याकाळी स्वयंपाकघरात पोरांची पंगत बसवायची. गरम भाकरी, आमटी. नियम एकच. स्वतःसाठी काही मागायचं नाही. शेजारच्यासाठी मागायचं, तेही पूर्ण इंग्लिश वाक्यात.

"ही वॉन्ट्स आमटी. प्लीज गिव्ह हिम सम."
"शी हॅज नो सॉल्ट."

वाक्य चुकलं की शेजारच्याचं ताट रिकामं. मग अख्खी पंगत मिळून ते दुरुस्त करायची.

माझ्या वर्गात पोरं 'ही, हिम, हिज' घडाघडा म्हणायची आणि पेपरात 'हिम इज माय ब्रदर' लिहून यायची.

माझी कल्याणीही त्या पंगतीत बसायची. तेव्हा चौथीत होती. मी शिकवायला बसवलं की तिचं पोट दुखायचं. माझ्याशी इंग्लिशमध्ये एक वाक्य बोलायची नाही, काकीसमोर मात्र तोंड थांबायचं नाही.

तिथं जळले मी. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा न राहवून सुनंदाला ऐकवलं, की आधी नियम पाठ करून घ्यायचे असतात. आणि भुकेल्या पोराला स्वतःसाठी मागू द्यायचं नाही, हा कुठला प्रकार?

ती भाकरी थापत म्हणाली, "अक्का, सोताला मागाया शिकवावं लागत न्हाय की. दुसऱ्याच्या ताटाकडं बघाया शिकवावं लागतंय."

मी पाय आपटत वर निघून गेले.

गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली.
मला वाटलं, आता तरी कल्याणी माझ्याकडे येईल.
हो, तेव्हाही हेच वाटलं मला. लिहिताना लाज वाटतेय.

ती आली नाही. वर्षभरात इंग्लिशचं पुस्तक माझ्यासमोर उघडलं नाही तिनं.

आज श्राद्धाला ती सगळी पोरं आली होती. मी सकाळपासून वाढत होते. शेवटची पंगत बसली तरी कुणी मला 'जेवायला बस' म्हणालं नाही, आणि मीही वाढतच राहिले.

कल्याणी पानावरून उठली. माझ्याकडे बोट करून तिच्या काकांना म्हणाली, "शी हॅज नॉट ईटन येट. प्लीज सर्व्ह हर."

सवयीनं मी चूक शोधली. सापडली नाही.

दिरानं पान मांडलं. पुरणपोळी, कटाची आमटी. बसले आणि पहिल्याच घासाला रडू आलं.
लेकीच्या ज्या इंग्लिश वाक्याची इतकी वर्षं वाट बघितली ते आज ऐकलं. शिकवलेलं मात्र सुनंदाचं.

सुनंदा, मी आजही जळते तुझ्यावर.
पण पोटभर जेवले.

धाकटी असलीस तरी, अक्काचा तुला नमस्कार.