सिउचिनला दिसत होतं तोवर

डोंगरातल्या लुगू गावच्या चहामळ्यांवर सगळ्या बायका सिउचिनचा हेवा करायच्या. तिचा नवरा बुनथोंग जन्माचा मुका-बहिरा. "नशीबवान गं तू, उलटून बोलणारा नवरा नाही मिळाला," असं कुणी म्हटलं की ती हसायची. "याचे हात गप्प बसतील तर ना!" ते खोटं नव्हतं. बुनथोंग जेवताना हातांनी इतकं बोलायचा की भात गार व्हायचा. ही बोली दोघांनी घरातल्या घरात रचलेली, तिसऱ्या कुणाला ती कळत नसे. ती तोंडाने बोलायची, तो तिचे ओठ वाचायचा.

मळ्याच्या उतारावर बायकांना आडोसा नाही. तोडणीच्या दिवसांत सिउचिन पाणीच पीत नसे, लघवी दाबून ठेवी. त्यात साखरेचा आजार. या वसंतात तिची कंबर धरली, हुडहुडी भरली, मग एक डोळा लाल झाला आणि मागोमाग दुसरा.

"अंगातली आग वर चढलीय," काढेवाली म्हणाली. आमच्याकडे ताप काय, तोंड येणं काय, सगळं त्या आगीच्याच माथी मारतात. बुनथोंगने कडू काढा आणून तिला बळेच पाजला. तिने दवाखान्याचं नाव काढलं तेव्हा त्यानेच हातांनी सांगितलं, आधी आग उतरू दे. ती त्याचं ऐकायची, तेच भोवलं.

समोरची वाटी दिसेना तेव्हा शेजाऱ्याने गाडी काढली. बुनथोंगला ओठ वाचता यावेत म्हणून शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"मूत्रपिंडात जंतू झाले होते, काका. रक्तातून ते डोळ्यांत गेले. जीव वाचला, पण डोळे नाही वाचले. लवकर आणायचं होतं."

परत सांगा, अशी त्याने खूण केली. बिचारीने परत सांगितलं.

घरी आणल्यावर सिउचिन पलंगावर बसून राहिली. बुनथोंगने तिच्यासमोर गुडघे टेकले आणि हात चालू केले. काढा मी आणला. दवाखाना मी लांबवला. माझ्यामुळे झालं गं, माझ्यामुळे. डोळ्यांतून धार लागली होती तरी त्याचे हात थांबेनात. तिचे डोळे त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे लागले होते.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "आत्ता काही बोलतोयस का रे?"

त्याने ओठ वाचले आणि होकाराची मान हलवली. कितीतरी वेळ तो नुसती मान हलवत राहिला.