घालताय दोनच

आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला कपडे घेताना आधी कॉलरी किती झिजल्यात ते निरखायचा. बँकेच्या मुलाखतीसाठी मी नवा चकचकीत शर्ट त्याच्याकडं टाकला. सकाळी न्यायला गेलो, तर त्यानं इतर कपड्यांतला माझा जुना निळा शर्टच कडक इस्त्री करून पुढं केला. नवा तसाच पडलेला.

मी चिडलो. तो म्हणाला, "पावणं, तुमचं सहा शर्ट येत्यात, पण घालताय दोनच. कॉलरी सांगत्यात की!"

वेळ नव्हता. चरफडत निळाच घातला. मुलाखतीत माझं कपड्यांकडं एकदाही लक्ष गेलं नाही. नोकरी लागली.

पहिल्या पगारावर कापड घ्यायला त्यालाच नेलं. मी एक पसंत केलं. त्यानं विचारलं, "घाईच्या येळंला हात हेच्याकडं जाईल?"

मी विचार करायला लागलो. तेवढ्यात त्यानं ते परत ठेवलं.