लोखंडाला हात न लावता

सत्तावन्न-अठ्ठावन्न साली मी बोरी अरब गावच्या एका आरागिरणीत मिस्त्री होतो. तिथे आम्ही सागाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या बनवायचो. लाकूड पट्ट्याच्या आऱ्यावर, म्हणजे दोन चाकांवरून गोल फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्यावर, भराभर चिरलं जाई, पण चाकांचे लोखंडी आस लोहार लांब गजातून छिन्नीने तोडायचा. एका आसाला त्याची अख्खी सकाळ जायची. कापसाचा हंगाम तोंडावर आलेला आणि बंड्या आसावाचून पडलेल्या. मी मालकाला म्हणून बसलो, लोखंड आपल्याच आऱ्यावर कापतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

लोहार हसला. "लाकडाच्या आऱ्यानं लोखंड कापलं असतं, त मी भाता कायले ओढत बसलो असतो?"

मला राग आला. आणि राग आला की माझं डोकं बरं चालतं.

लोखंडाला वेग सोसत नाही, एवढं मला ठाऊक होतं. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भंगारातून एक दांडा आणला, त्यावर बसवायला सागाची कमरेएवढी पुली स्वतः घडवली आणि इंजिनाचा पट्टा तिच्यावरून घेतला. पुली मोठी, म्हणून आरा इतका मंदावला की पात्याचा सांधा प्रत्येक फेऱ्याला डोळ्यांना दिसू लागला. दोन जुन्या पात्यांचे मोठे दात घासून काढले आणि तिकोनी कानशीने बारीक दात पाडले. त्यात पंधरा दिवस गेले.

पहिलं पातं घटकाभरात वाया गेलं. चूक माझीच होती, सुताराची. वीस वर्षं मी साग आऱ्यात रेटत आलो होतो. लोखंडही तसंच रेटलं आणि दात कण्यांसारखे झडले. मालकाने सरळ सांगितलं, दुसरं पातं मोडलं तर उद्यापासून येऊ नको.

दोन दिवस माझेच हात मला वैरी वाटत होते. शेवटी ते कामातून काढूनच टाकले. लोखंडाचा गज सरकत्या फळीवर आवळला, फळीला दोरी बांधली, ती कप्पीवरून घेऊन तिच्या टोकाला दोन शेरांचं वजन टांगलं. आता गज आपोआप, हळूहळू पात्याकडे ओढला जाणार होता. दुसरं पातं चढवलं, इंजिन चालू केलं आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. बोटं नुसती शिवशिवत होती.

लोहार समोरच उकिडवा बसून पाहत होता. पातं लोखंडात उतरत होतं, खाली बारीक चुरा पडत होता. गज अर्ध्यावर आला तेवढ्यात मालक आला आणि मला तसा उभा पाहून भडकला. मशीन चालू आहे आणि तू हात बांधून उभा काय, असं म्हणत तो गज रेटायला पुढे झाला.

लोहाराने उठून त्याचा हात धरला.

"राहू द्या जी. मिस्त्री हात लावून नाही राह्यला, म्हणूनच कापून राह्यलं."

थोड्या वेळाने आसाचा तुकडा खाली पडला. लोहाराने तो उचलला, कापलेल्या तोंडावर अंगठा फिरवला आणि दुसरा गज स्वतःच फळीवर आणून ठेवला.