इलारियोच्या वाट्याची फुंक

चाळीस वर्षे वेळूच्या नळ्यांचा सिकू वाजवलेल्या माणसाला सहा सेकंद सलग फुंकता का येऊ नये? ओरुरोच्या पठारावरील खाणकामगारांच्या दवाखान्यात श्वासाची मोजणी करणाऱ्या बासिलिया कोंडोरीला, २०११च्या मार्चमध्ये, याचे उत्तर सापडत नव्हते. तिच्यासमोर बसलेले सेवेरो चोके यंत्राच्या नळीत जोरकस फुंक मारत आणि दीड सेकंदात थांबत. पडद्यावरची रेघ चढे आणि तिथेच तुटे. याआधी दोनदा हेच झाले होते. दोन्ही वेळा डॉक्टरांनी 'रुग्ण सहकार्य करत नाही' असा शेरा मारून कागद परत पाठवला होता. सहा सेकंदांच्या तीन जुळत्या फुंकांवाचून औषध मंजूर होत नसे. आजचा दिवस हुकला, तर पुढच्या वर्षीची यादी. आणि सेवेरोंना आताच नळापासून घरापर्यंतच्या चढावर चारदा बसावे लागत होते.

बासिलियाचे वडील खाणीतल्या याच धुळीने खंगून गेले, त्यांची छाती कुणी मोजलीही नाही. तिचा चिवटपणा तिथला. तिने सेवेरोंच्या नाकावरचा चिमटा काढला आणि विचारले की, मधेच का थांबता, छातीत कळ येते का?

"कळ कसली पोरी? माझं झालं म्हणून थांबलो. पुढचं इलारियोचं."

इलारियो, त्यांचा वाजवण्यातला जोडीदार, बाहेर बाकावर कोकाची पाने चघळत बसला होता. बासिलियाला उलगडा झाला. सिकूचे सूर दोघांत वाटलेले असतात. एक फुंकतो तेव्हा दुसरा दम घेतो. सबंध धून एकट्याने ओढणाऱ्याला गावात हावरट म्हणत. सेवेरोंचा दम सरत नव्हता. ते इलारियोसाठी जागा सोडत होते.

तिने इलारियोला आत बोलावून सारे सांगितले. तो खोकला लागेपर्यंत हसला.

"गाढवा, आज माझे ओठ फुटलेत. माझा वाटाही तूच फुंक."

"लोक हावरट म्हणतील मला."

"मग आजवर काय म्हणत होते?"

तोंडावर तळहात दाबून इलारियो समोर उभा राहिला. दीड सेकंदाशी सेवेरोंची नजर सवयीने त्याच्याकडे वळली. इलारियोचा हात तोंडावरून हलला नाही. फुंक पुढे चालली, रेघ कलत कलत सहा सेकंदांपार गेली. घाम पुसत त्यांनी आणखी दोनदा फुंकले. तिन्ही रेघा एकमेकींवर बसल्या.

आकडा कमीच होता. बासिलियाने औषधाचा फवारा दिला, पाव तास थांबवले, पुन्हा फुंकायला लावले. आता रेघ पहिलीहून स्पष्ट वर होती. धुळीने खाल्लेले परत येणार नाही, हे तिने आडपडदा न ठेवता सांगितले. पण छातीचा काही भाग औषधाला दाद देत होता.

"चढ चढता येईल?" सेवेरोंनी एवढेच विचारले.

"सावकाश चढाल, ताता. पण चारदा बसावं लागणार नाही."

या वेळी कागद परत आला नाही; औषध मंजूर झाले.

२०२१ साली बासिलिया कोंडोरी निवृत्त झाली, तेव्हा सेवेरो चोके यांच्या नावावर सलग अकरा वर्षांच्या मोजण्या नोंदलेल्या होत्या.