भास्करचा दुखरा खांदा

हमीद उस्तादांचा फोन सकाळी आला. "विलास, भास्कर गेला." मी विचारलं, "आता कुठं?" सवयच तशी लागली होती. सरावातून, नोकरीतून, घरातून भास्कर सतत कुठून तरी निघून गेलेला असायचा आणि उस्ताद त्याची चौकशी माझ्याकडे करायचे. ते म्हणाले, "न्हाई रे बेटा. या वेळी खरंच गेला."

आम्ही दोघं जालन्यातल्या एकाच पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंग शिकलो. फौजेतून निवृत्त झालेल्या उस्तादांनी एका रिकाम्या गोदामात तो वर्ग सुरू केला होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा भास्कर हसनाबादहून आला. त्यानं आयुष्यात ग्लोव्हज घातलेले नव्हते. उस्तादांनी त्याला माझ्यासमोर उभं केलं आणि माझा एकही ठोसा त्याला लागला नाही. बाजारात कुणाची वाट बघत उभं राहावं तसे हात खाली सोडून तो नुसती मान हलवत होता. उस्ताद माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे शिकवता येत न्हाई." मला हेवा वाटला नाही. इतकं देखणं काही मी तोवर पाहिलंच नव्हतं.

पुढच्याच वर्षी त्यानं राज्य अजिंक्यपद जिंकलं. स्टेशनपासून उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. त्यानंतर मात्र तो कुणाचंच ऐकेना. पहाटे आम्ही धावायला जायचो, तो ऊन चढल्यावर चहा पिऊन यायचा. उस्ताद रागवले की हसायचा, आणि तेही हसायचे. त्याच्यावर फार वेळ रागावता यायचं नाही.

राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याची निवड चाचणी होती. आमचा वजनगट एकच, आणि उपांत्य फेरीत आम्हीच समोरासमोर आलो. आदल्या संध्याकाळी तो वसतिगृहाच्या ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. "विलास, खांदा लई दुखून राह्यला. उद्याचा दिवस आराम भेटला तर फायनल बराबर मारतो. तू बसशील का? मंग नॅशनलचं सोनं आपल्या दोघांचं." मी रात्रभर विचार केला आणि सकाळी माघार घेतली. उस्तादांनी माझे ग्लोव्हज उचलून पिशवीत टाकले. भास्करला पुढे चाल मिळाली, अंतिम फेरी त्यानं सहज जिंकली. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होतो.

काही आठवड्यांनी टेंभुर्णीला माझ्या आतेबहिणीचं लग्न होतं. मांडवात शिरलो तर स्टेजवर, नवरदेवाशेजारी, फेटा बांधून भास्कर! राष्ट्रीय शिबिर तेव्हा चालू होतं. लोक त्याला हार घालत होते, लहान मुलं हात लावून बघत होती. पंगतीत तो माझ्याशेजारी येऊन बसला.

"शिबिराचं काय?" मी विचारलं.

"आलो निघून. तिथं पाचला उठवतात, मापून खायला देतात. इथं बघ, लोक कसे जीव टाकतात."

"आणि खांदा?"

"खांद्याला काय झाल्तं?" त्यानं माझ्या पानात बुंदी वाढायला लावली. "तू रोज पळत होता. माझ्यात दम न्हाई राह्यल्ता. तू हरवलं असतं मला."

"मी तुझ्यासाठी बसलो, भास्कर."

"मी काय तुला बांधून ठेवल्तं का?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. मी पानावरून उठलो.

शिबिरातून त्याचं नाव काढून टाकलं. पुढे खेळाच्या जोरावर नोकरी लागली, ती सुटली. अंबडला मुलांना शिकवायला लागला, तेही अर्धवट टाकलं. मग दारू आली, आणि शेवटी यकृतानं साथ सोडली.

मागच्या रविवारी शेडमध्ये शोकसभा झाली. शेडला भास्करचं नाव द्यावं, असा प्रस्ताव आला. एक तरुण प्रशिक्षक म्हणाला, "जिल्ह्याला पहिलं सुवर्ण त्यांनी दिलं. माणूस गेल्यावर बाकीचं कशाला काढायचं?" उस्ताद आता थकलेत, पण उठून उभे राहिले. "हुनर होता, बिलकुल होता. पण दारावर नाव लावलं की पोरं विचारतील, पुढं काय केलं यानं? मंग काय सांगायचं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाव लावू नका. तो कसा खेळायचा ते मात्र पोरांना करून दाखवा. तेवढंच खरं त्याचं होतं."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "इतक्या वर्षांचा राग..." आहेच. माझी जागा घेऊन तो जिंकला असता, अगदी लढून हरला असता, तरी मी आज त्याच्या नावासाठी भांडलो असतो. त्यानं ती जागा एका लग्नाच्या पंगतीत टाकून दिली.

सभा पांगल्यावर मी मागच्या खिडकीपाशी गेलो. भास्करची ती जागा. आम्ही घाम गाळत असताना तो तिथं बसून हाताला पट्ट्या गुंडाळत राहायचा, अर्धा अर्धा तास, आणि आम्ही त्याला आळशी म्हणायचो. मी तिथं कधीच बसलो नव्हतो. त्या दिवशी बसलो. तिथून सगळी रिंग दिसते, आणि दोरांखालून लढणाऱ्यांची पावलं. दोन मुली सराव करत होत्या. थोड्याच वेळात मला कळलं की डावीकडची जिंकणार, तिची पावलं अजून हलकी होती... वर्षभर इथं बसून भास्करनं माझी पावलं पाहिली होती. मी त्याला हरवू शकतो हे त्याला कळलं होतं, मला कळायच्या कितीतरी आधी.