फणसाचा जामीन

आमच्या डोंबिवलीच्या घरामागे, विहिरीला लागून एक फणस होता. तो माझ्या थोरल्या जाऊबाईंनी लावलेला. लग्न होऊन या घरात आल्या त्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी एक आठळी परसात पुरली, न्हाणीचं पाणी तिच्याकडे वळवलं आणि झाड वाढवलं. मी धाकटी सून म्हणून आले तेव्हा ते कौलांच्या वर गेलं होतं. पाला भरगच्च, हिरवागार. फळ मात्र एकही नाही. जाऊबाईंनाही मूल नव्हतं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडायला कुणा पंडिताची गरज नव्हती. घरात सगळ्यांनाच ते दिसायचं, म्हणून त्या झाडाविषयी कुणी मोठ्याने बोलत नसे.

सासूबाई तेवढ्या बोलत. तरुणपणीच विधवा झालेल्या, दोन मुलगे हिमतीने वाढवलेल्या, कडक बाई. "दारात वांझ झाड नको," असं त्या सरळ म्हणायच्या. ऐकायला कोण उभं आहे ते बघायच्या नाहीत. मला संताप यायचा. माझी जीभ तशी तिखट, पण सासूबाईंपुढे टाळूला चिकटायची.

दर वैशाखात कोपरकडच्या गावातला एक आगरी माणूस आमच्याकडे यायचा. पावसाच्या आधी माडांच्या वाळक्या झावळ्या काढायच्या, कौलांवर आलेल्या फांद्या उतरवायच्या, हे त्याचं काम. मिठागरातून सवड काढून तो यायचा, म्हणून त्याला आधी निरोप धाडावा लागे. त्या वर्षी सासूबाईंनी निरोपातच कळवलं की कुऱ्हाड घेऊन ये, फणस पाडायचाय.

तो आला, फणसाभोवती फिरला आणि म्हणाला, "आई, उभा झाड लगेच कापत नाय आमी. आधी त्याला धाक घालतो. मंग एक साल वाट बघायची. पन त्याला जामीन पायजे."

त्यांच्याकडची रीत अशी : एकाने कुऱ्हाड उगारून झाडाला दरडावायचं, की धरत नाहीस, तर आता तोडतो. दुसऱ्याने पुढे होऊन खोडावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, यंदा सोड याला, मी जामीन. जामीन राहणारी बाई सवाष्ण हवी, लेकुरवाळी हवी.

सासूबाईंना हे पटलं. पाडापाडी त्यांनाही मनातून नको असावी. त्यांनी वळून पाहिलं. जाऊबाई विहिरीवर पाणी शेंदत होत्या, चार हातांवर. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, कडेवर मुलगी.

"धाकटे, तू ये," सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "झाड वहिनींनी लावलंय."

"कुणी लावलं ते विचारलं नाही मी. ये म्हटलं की यावं."

त्याने कुऱ्हाड उगारली, झाडाला दोन शिव्या हासडल्या. मी खोडावर हात ठेवून ते वाक्य म्हटलं. त्याने कुऱ्हाड खाली घेतली आणि पेंढ्याची एक दोरी खोडाला बांधली. एवढा वेळ रहाट कुरकुरत होता. जाऊबाईंनी मान वर केली नाही.

संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "तुझ्या झाडाला पाणी घातलं हो."

टोमणा असता तर मी भांडले असते. पण त्या मनापासून बोलत होत्या. झाड ज्याच्या जामिनावर उभं त्याचं, असा त्यांनी हिशेब लावला होता. मी परोपरीने सांगितलं, पण त्या वर्षभर 'तुझं झाड'च म्हणत राहिल्या, आणि पाणी स्वतःच घालत राहिल्या. इतकी वाईट वस्तू माझ्या मालकीची कधी झाली नव्हती.

दिवाळीनंतर माझे थोरले दीर, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, मुदतीच्या तापाने गेले. सासूबाई रडल्या नाहीत, फक्त जेवण जवळजवळ सुटलं. जाऊबाईंचं काय, हा प्रश्न घरात कुणी काढला नाही. तो ठाण्याहून त्यांच्या भावाने काढला. पावसाच्या आधी ताईला घेऊन जातो, असं त्याने कळवलं आणि वैशाखात तो आलाही. आळीतल्या बायका कुजबुजल्या, सुंठीवाचून खोकला गेला. ठाण्याला त्यांच्या वाट्याला काय येणार ते मला ठाऊक होतं. भावजयीची बाळंतपणं आणि चूल. जायचंय का, असं जाऊबाईंना कुणी विचारलं नाही. त्यांनी ट्रंक भरली आणि दुपारच्या गाडीची वाट बघत माजघरात बसल्या.

नेमका त्याच सकाळी आमचा आगरी आला. माड साफ करून झाले आणि तो फणसाखाली जाऊन उभा राहिला. फणस तसाच, रिकामा. पेंढ्याची दोरी कुजून लोंबत होती. घरात काय घडलंय ते त्याला ठाऊक नव्हतं.

"आई," त्याने ओसरीकडे बघून हाक मारली, "जामीन बुडाला. कापू?"

जाऊबाई दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांचे डोळे त्या झाडावर होते. मी मुलीला खाली ठेवलं आणि पदर खोचला. या खेपेला कुणी न सांगता मीच जाणार होते. पण सासूबाई आधी उठल्या. गुडघे धरून पायऱ्या उतरल्या आणि खोडाला हात लावून उभ्या राहिल्या.

"सोड याला. मी जामीन."

तो गोंधळला. चाचरत म्हणाला, "आई, रागवू नका. पन सवाष्ण लागते."

"लागत असेल. मी आहे ती अशी आहे. घराचं झाड आहे, घरात राहील. धरलं तर धरलं."

जाऊबाईंचा भाऊ ओसरीवरून म्हणाला, "अहो, पण न धरणारं झाड ठेवून उपयोग काय?"

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "उपयोगासाठी ठेवत नाही आम्ही," त्या म्हणाल्या. मग दाराकडे वळल्या. "मोठे, ट्रंक आत ठेव. आणि संध्याकाळी पाणी घाल तुझ्या झाडाला."

जाऊबाईंनी चौकट घट्ट धरली. दीर गेले तेव्हाही त्या इतक्या रडल्या नव्हत्या. मीही रडले, आणि सासूबाईंवरचा माझा वर्षानुवर्षांचा राग त्या दिवशी अर्ध्यावर आला. सगळा गेला असं म्हणणार नाही. भावाने चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने तो एकटाच परत गेला.

फणस त्यानंतरही धरला नाही. दर वैशाखात आगरी यायचा, माड साफ करायचा आणि फणसाखाली आला की कुऱ्हाड खांद्यावरच ठेवून विचारायचा, "आई, जामीन हाय ना?"

"आहे," सासूबाई म्हणायच्या.

त्या गेल्या त्याच्या पुढच्या वैशाखातही तो आला. सवयीने त्याने ओसरीकडे बघून विचारलं. ओसरीवर त्यांची जागा रिकामी होती.

जाऊबाई विहिरीवर होत्या. त्यांनी रहाट थांबवला, हात पदराला पुसले, फणसाजवळ गेल्या आणि खोडावर हात ठेवला.

"आहे," त्या म्हणाल्या. "मी आहे."